तळ्यातल्या माशातला कार्बन कधीचा?

तळ्यातून एक मासा काढला, पाठीच्या स्नायूचा तुकडा वाळवला आणि त्यातल्या कार्बनचं समस्थानिक-गुणोत्तर (जड कार्बन-१३ आणि हलका कार्बन-१२ यांचं प्रमाण) मोजलं, की हाती एकच आकडा येतो. त्या एका आकड्यात गेल्या महिन्यात शैवालाने धरलेला कार्बन असतो, मागच्या पानगळीतला असतो, काठच्या मातीत कित्येक दशकं पडून राहून मग पावसाबरोबर वाहत आलेला असतो. तळाच्या गाळातून मिथेन होऊन वर आलेलाही असू शकतो. म्हणून तळ्यातल्या कार्बनचा लांब पल्ल्याचा हिशेब मांडायचा असेल तर 'हा कार्बन कुठून आला' याच्या आधी 'मी मोजतोय ती वस्तू किती काळाची सरासरी सांगते' हे विचारावं लागतं. या कामातल्या मोठ्या चुका यंत्रात क्वचितच होतात. वेगवेगळ्या काळाच्या सरासऱ्या शेजारी-शेजारी ठेवून त्यांची वजाबाकी केली जाते, तिथे त्या होतात.

शैवालाच्या पेशींतला कार्बन काही दिवसांत बदलतो. डॅफ्नियासारख्या छोट्या कवचधारी प्राण्यांत त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाच्या स्नायूत एक-दोन महिने, तर थंड पाण्यातल्या मोठ्या माशाच्या स्नायूत वर्षभरही लागतं. त्याच माशाचं यकृत स्नायूच्या बरंच पुढे असतं. खवल्यांत आणि कानातल्या खड्यांत थरावर थर चढत जातात, त्यामुळे तिथे जुनी नोंद पुसली न जाता टिकते. आणि गाळ शतकांची गोष्ट सांगतो.

हा फरक आकड्यांत किती मोठा होतो ते पाहा. समजा, स्नायूतला निम्मा कार्बन बदलायला ६० दिवस लागतात. तळ्यात शैवालाचा बहर आला, २० दिवस टिकला, आणि त्या काळात शैवालाचं मूल्य ८ पर मिलने (हजारात आठने) वर गेलं. वीस दिवसांत स्नायूतला जेमतेम २१ टक्के कार्बन नवा झालेला असतो. म्हणजे मासा त्या दिवसांत फक्त बहरावर जगला असला तरी त्याचा आकडा १.७ पर मिलच हलेल. बहर ओसरायच्या दिवशी शैवाल आणि मासा दोन्ही पकडून तुलना केली तर 'मासा शैवाल खातच नाही' असा निष्कर्ष निघतो, आणि तो साफ चुकीचा असतो. निम्मं बदलायला लागणाऱ्या काळाच्या चौपट काळ गेला की सुमारे ९४ टक्के कार्बन नवा होतो. तोवर थांबायची तयारी हवी, नाहीतर दोन ऊती एकत्र मोजाव्यात. यकृत आणि स्नायू यांचे आकडे जुळले तर आहार स्थिर आहे, न जुळले तर तो नुकताच बदलला आहे. एका माशातून दोन काळ मिळतात आणि खर्च फक्त एका जादा कॅप्सूलचा (यंत्रात नमुना घालायच्या छोट्या डबीचा) होतो, तरी हे फार कमी लोक करतात.

आता मुळाकडे, म्हणजे शैवालाकडे. जमिनीवरच्या बहुतेक झाडांचा कार्बन-१३ चा आकडा उणे २७-२८ पर मिलच्या आसपास स्थिर बसतो (हा आकडा एका ठरलेल्या मानकाच्या तुलनेत असतो; जितका जास्त उणे, तितका कार्बन हलका). शैवाल मात्र एका जागी राहत नाही. पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तर ते हलका कार्बन निवडून घेतं आणि आकडा उणे ३० च्या खाली जातो. बहर वाढला, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपत आला, सामू ९ च्या वर गेला, की निवडीला वाव उरत नाही. बायकार्बोनेटही वापरलं जातं आणि आकडा वर सरकतो. एकाच तळ्यात एका मोसमात दहा पर मिलचा झोका दिसू शकतो. त्यात गाळणीवर जे जमतं ते निव्वळ शैवाल नसतंच. त्यात जमिनीवरून आलेले कण, जिवाणू, विष्ठा सगळं मिसळलेलं असतं, आणि शैवाल वेगळं काढणं जवळजवळ अशक्य असतं.

यावरचा चांगला उपाय म्हणजे दीर्घायुषी प्राण्यांनाच सरासरी काढू द्यायची. उघड्या पाण्यातलं शैवाल गाळून खाणारे शिंपले आणि काठच्या दगडांवरचा थर खरवडणाऱ्या गोगलगाई, ही दोन टोकं धरायची. समजा शिंपला उणे ३२, गोगलगाय उणे २४ आणि मासा उणे २९.२ आला. मासा अन्नसाखळीत या दोघांच्या दोन पायऱ्या वर असेल, तर प्रत्येक पायरीला सुमारे ०.४ पर मिलची वाढ धरून त्यातून ०.८ वजा करायचे, म्हणजे उणे ३०. टोकांतलं अंतर ८, मासा शिंपल्यापासून २ अंतरावर, म्हणून काठच्या अन्नाचा वाटा २५ टक्के. पायऱ्यांची दुरुस्ती विसरली तर तोच वाटा ३५ टक्के निघतो. पायऱ्या मोजायला नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचं जड समस्थानिक) लागतो, तो दर पायरीला सरासरी ३.४ पर मिलने वाढतो. ही सरासरी आहे. एखाद्या पायरीवर ती दोन किंवा पाचही असू शकते, म्हणून फक्त एका माशावरून पायरी ठरवू नये.

टोकं जवळ आली की ही पद्धत कोसळते. शैवाल उणे ३० आणि पानगळ उणे २८ असेल तर अर्ध्या पर मिलची चूक निकालात २५ टक्क्यांचा फरक पाडते. अशा तळ्यात कितीही प्रगत सांख्यिकी मॉडेल चालवलं तरी बाहेर येतं ते गृहीतकांचं प्रतिबिंब. तिथे हायड्रोजनचं जड समस्थानिक, ड्यूटेरियम, कामी येतं. शैवाल आणि जमिनीवरची झाडं यांच्यात त्याचा फरक शंभर पर मिलच्या घरात असतो. पण प्राण्याच्या शरीरातला काही हायड्रोजन थेट पाण्यातून येतो, आणि हा वाटा पायरीगणिक साठत जातो. तो वजा केला नाही तर मासा खऱ्यापेक्षा जास्त 'पानगळखाऊ' दिसतो.

नमुना हाताळताना काय बिघडतं ते जरा तपशिलात सांगतो, कारण शोधनिबंधांत हे दोन ओळींत उरकलेलं असतं.

विरघळलेल्या अजैविक कार्बनसाठी पाणी गाळून घट्ट झाकणाच्या काचेच्या कुपीत भरावं. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी वायूची देवाणघेवाण सुरू होते, आणि सूक्ष्मजीव जिवंत राहिले तर ते कुपीतच श्वसन करत राहतात. दोन्हींमुळे आकडा सरकतो. कणरूप कार्बनसाठी काचतंतूचा गाळणीकागद आधी ४५० अंश सेल्सिअसला चार तास भाजून घ्यावा. न भाजलेल्या कागदावरचा सेंद्रिय अंश स्वच्छ पाण्याच्या तळ्यात नमुन्याइतकाच ठरू शकतो. झूप्लँक्टनसाठी (पाण्यात तरंगणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी) १५०-२०० मायक्रॉनची जाळी पुरते. पकडलेले प्राणी काही तास गाळलेल्या तळ्याच्याच पाण्यात ठेवावेत म्हणजे आतडं रिकामं होतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली जाती वेगळ्या कराव्यात. सगळं एकत्र वाटून 'झूप्लँक्टन' म्हणून मोजू नये, कारण डॅफ्निया जे समोर येईल ते गाळून खाते, कोपेपॉड (हेही छोटे कवचधारीच) निवडून खातात आणि अंगात चरबी साठवतात. एका कॅप्सूलला ०.५ ते १ मिलिग्रॅम कोरडं वजन लागतं. मध्यम आकाराच्या डॅफ्निया वीस ते पन्नास वेचाव्या लागतात. ६० अंशाला ४८ तास वाळवणं पुरेसं असतं.

फॉर्मॅलिन टाळावं. ते कार्बनचा आकडा खाली ओढतं. अल्कोहोल चरबी विरघळवतं आणि आकडा वर नेतं. गोठवणं हाच सरळ मार्ग. कवचाचे प्राणी असतील तर चुनखडीचा अंश आम्लाने काढावा लागतो, पण आम्लाने नायट्रोजनचा आकडा बिघडतो. म्हणून नमुना दोन भागांत वाटायचा: आम्ल दिलेला कार्बनसाठी, न दिलेला नायट्रोजनसाठी.

चरबीचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. चरबीतला कार्बन प्रथिनांपेक्षा सहा ते आठ पर मिल हलका असतो. त्यामुळे लठ्ठ कोपेपॉड खाणं न बदलताही 'वेगळं खाल्ल्यासारखा' दिसतो. पाण्यातल्या प्राण्यांसाठी रूढ सूत्र असं: मोजलेल्या आकड्यातून ३.३२ वजा करायचे आणि कार्बन-नायट्रोजन गुणोत्तराची ०.९९ पट मिळवायची. आकडा उणे ३४ आणि गुणोत्तर ६ असेल तर दुरुस्त आकडा उणे ३१.४ येतो, म्हणजे २.६ पर मिलचा फरक. गुणोत्तर ३.५ च्या आत असेल तर दुरुस्तीची गरज नाही. हे गुणोत्तर वजनाचं आहे, अणूंच्या संख्येचं नाही. अणूंचं गुणोत्तर त्याच्या सुमारे १.१७ पट असतं, आणि कुठलं छापलंय ते न पाहता सूत्रात घातलं की सहाच्या जागी सात जातात आणि निकाल एक पर मिलने वर सरकतो.

मिथेनकडे वळू. खोल तळ्यांच्या गाळात प्राणवायू नसतो, तिथे जिवाणूंसारखे आर्किया मिथेन बनवतात. त्याचा कार्बन फार हलका, साधारण उणे ५० ते उणे ८०. हा वायू वर येताना प्राणवायूच्या सीमेवर मिथेनखाऊ जिवाणू त्याचं अन्न करतात, आणि तेही हलका कार्बन आणखी निवडून घेतात. त्या जिवाणूंना गाळात बिळं करून राहणाऱ्या कायरोनोमिड माशीच्या अळ्या खातात. अळी बिळात पाणी खेळवते तेव्हा प्राणवायू गाळात उतरतो आणि मिथेनखाऊंची वाढ नेमकी तिच्या बिळाच्या भिंतीवर होते. अळीचा आकडा उणे ४० च्या खाली गेला की मिथेनशिवाय त्याचं स्पष्टीकरण देणं कठीण जातं. मिथेनमार्गाचा कार्बन उणे ६५ आणि बाकीचा उणे ३० धरला, तर उणे ४५ ची अळी सुमारे ४३ टक्के मिथेनवर उभी आहे. हा वाटा वर्षभर सारखा नसतो. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपतो, मिथेन साठत जातो. पाणी पुन्हा वरखाली मिसळलं की प्राणवायू तळाशी पोचतो, मिथेनखाऊंना दोन्ही गोष्टी एकदम मिळतात, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत अळ्या सर्वांत हलक्या होतात. फक्त उन्हाळ्यात नमुने घेणाऱ्याला हा भाग दिसतच नाही. बुडबुड्यांनी निघणारा मिथेन या साखळीला वळसा घालून थेट हवेत जातो. तो मोजायला पाण्याखाली उलटं नरसाळं टांगतात. तरंगता डबा तासभर ठेवून बुडबुडे धरता येतील ही आशा व्यर्थ आहे.

या क्षेत्रातला जुना वाद म्हणजे तळ्यातले प्राणी जमिनीवरच्या कार्बनवर जगतात का? १९९४ मध्ये जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी १,८३५ तळ्यांतले ४,६६५ नमुने तपासले तेव्हा ८७ टक्के नमुन्यांत कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत अतिसंपृक्त निघाला. म्हणजे बहुतेक तळी शोषण्यापेक्षा जास्त कार्बन सोडतात आणि त्यातला बराच बाहेरून येतो. पुढे पीटर आणि पॉल या विस्कॉन्सिन-मिशिगन सीमेवरच्या तळ्यांत कार्बन-१३ भरलेलं सोडियम बायकार्बोनेट कित्येक आठवडे रोज मिसळलं गेलं, जेणेकरून तळ्यातच तयार झालेला कार्बन खुणेने ओळखता यावा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात झूप्लँक्टनमधला २२ ते ५० टक्के कार्बन जमिनीवरचा निघाला. दुसऱ्या बाजूला मायकेल ब्रेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की निव्वळ जमिनीवरच्या कणांवर डॅफ्नियाची वाढ आणि प्रजनन फारच कमी होतं. आवश्यक मेदाम्लं, विशेषतः ओमेगा-३ गटातलं ईपीए, तिथे मिळतच नाहीत.

मला यात विरोध दिसत नाही. तळं सोडतं तो कार्बन आणि मासा ज्यातून बनतो तो कार्बन, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जमिनीवरून विरघळून आलेला कार्बन आधी जिवाणूंकडे जातो. त्यांची वाढीची कार्यक्षमता २० टक्के धरली, त्यांना खाणाऱ्या एकपेशीयांची ३० टक्के धरली, तर डॅफ्नियाच्या तोंडी शंभरातले सहा भाग पोचतात. उरलेले ९४ श्वसनातून निघून जातात आणि अतिसंपृक्त कार्बन डायऑक्साइड म्हणून दिसतात. प्रवाह प्रचंड असला की त्याचे सहा टक्केही मोठे असतात, पण वाढ किती होईल ते शैवालातली मेदाम्लं ठरवतात. म्हणून दोन्ही मोजमापं एकाच तळ्यात करावीत असा माझा आग्रह आहे.

अन्नजाळ्याची रचना हा प्रवाह उलटाही करू शकते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खतपाण्याच्या प्रयोगांत, लहान मासे भरपूर आणि डॅफ्निया कमी असलेलं तळं शैवालाने भरलं आणि हवेतला कार्बन शोषू लागलं. मोठे शिकारी मासे असलेल्या तळ्यात डॅफ्नियाने शैवाल आटोक्यात ठेवलं, आणि तितकंच खत मिळूनही ते कार्बन सोडतच राहिलं.

गाळाचा हिशेब करायला नळीने गाभा काढून वरचा भाग अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्यांत कापतात. शिसं-२१० ने (अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं) वरची शंभर-दीडशे वर्षं मोजता येतात. सिझियम-१३७ चं (अणुचाचण्यांमुळे आलेलं) १९६३ चं टोक ताळा म्हणून वापरावं. वर्षाला दर चौरस सेंटिमीटरला ०.०३ ग्रॅम गाळ आणि त्यात १० टक्के सेंद्रिय कार्बन असेल, तर पुरला जाणारा कार्बन दर चौरस मीटरला वर्षाला ३० ग्रॅम. पण गाळ सर्वांत खोल भागाकडे घसरत जातो. फक्त तिथला एक गाभा काढून सगळ्या तळ्याच्या क्षेत्रफळाने गुणलं तर उत्तर सहज दुप्पट निघू शकतं. निदान तीन खोलींवर गाभे हवेत.

आता दोन सापळे. पहिला म्हणजे वरचे थर अजून कुजत असतात. स्वीडनमधल्या नीलांडसशॉन तळ्यात गाळाचे वार्षिक थर स्पष्ट दिसतात, त्यामुळे एकाच वर्षाचा थर पुढच्या दशकांत पुन्हा पुन्हा काढून तपासता आला. पाच वर्षांत त्यातला २० टक्के कार्बन आणि ३० टक्के नायट्रोजन गेला. २७ वर्षांत २३ आणि ३५ टक्के. यातून दोन गोष्टी होतात. कुठल्याही तळ्यात वरच्या थरांत कार्बन 'अलीकडे वाढलेला' दिसतो, प्रत्यक्षात तो अजून कुजायचा राहिलेला असू शकतो. शिवाय नायट्रोजन जास्त वेगाने जात असल्याने कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २७ वर्षांत सुमारे १८ टक्क्यांनी चढतं. गुणोत्तर जास्त म्हणजे जमिनीवरचा कार्बन जास्त, असं ठोकताळ्याने वाचलं तर जुना काळ विनाकारण 'जंगली' वाटतो.

दुसरा सापळा स्यूस परिणामाचा. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा औद्योगिक काळाआधीच्या सुमारे उणे ६.४ वरून आता उणे ८.५ च्या आसपास आला आहे. ही घसरण शैवालात, माशात आणि गाळात उतरते. ती वजा न करता गाळातला घसरता आकडा वाचला तर तळ्याची उत्पादकता कमी झाल्याचा भास होतो.

गाळात कायरोनोमिड अळ्यांची डोकी आणि डॅफ्नियाच्या अंडकोशांची कवचं शतकानुशतकं टिकतात. त्यांतला कायटिनचा (कवच ज्याचं बनतं त्या द्रव्याचा) कार्बन मोजून जुन्या काळातला मिथेनचा वाटा अजमावता येतो. गाळ १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये खोलीच्या तापमानालाच मोकळा करावा, १०० मायक्रॉनच्या चाळणीतून धुवावा आणि डोकी चिमट्याने एकेक वेचावीत. एका मोजणीला कित्येक डझन डोकी लागतात. डोक्याच्या आत चिकटलेला चुना किंवा गाळाचा कण राहिला तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून वेचल्यावर प्रत्येक डोकं पुन्हा भिंगाखाली पाहावं.

वय काढायला कार्बन-१४ वापरताना चुनखडीचं पाणी असेल तर सावध राहावं. खडकातून विरघळलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ उरलेलाच नसतो. शैवाल तो धरतं, आणि या वर्षी वाढलेला मासाही शेकडो, कधी हजारो वर्षांचा निघतो. गाळाचं वय काढायला म्हणून जमिनीवरच्या पानाचा किंवा बीचा तुकडाच शोधावा. याउलट वय खरंच जुनं असल्याची उदाहरणंही आहेत. उत्तर सायबेरियातल्या बर्फ वितळून बनलेल्या तळ्यांतल्या मिथेनच्या बुडबुड्यांचं वय ३५ हजार ते ४३ हजार वर्षं निघालं. ते २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. हिमयुगात गोठलेल्या मातीतला कार्बन तिथे आज फिरतो आहे.

वीस-तीस वर्षांची मालिका उभी करायची असेल तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्वतःचा मानक नमुना. एका मोठ्या माशाचा स्नायू वाळवून, चरबी काढून, बारीक दळून एकजीव करावा आणि शंभरेक ग्रॅम काचेच्या कुप्यांत सील करून ठेवावा. दरवर्षी प्रत्येक तुकडीत दर दहा-बारा नमुन्यांमागे त्याची एक कॅप्सूल चालवावी. चांगल्या यंत्राची अचूकता ०.१ ते ०.२ पर मिल असते, पण प्रयोगशाळा किंवा यंत्र बदललं की त्याहून मोठी पायरी पडते, आणि ती पर्यावरणातली नाही हे फक्त हा मानकच सांगू शकतो. मोजून उरलेली भुकटी टाकू नये. कुपीवर जात, लांबी, तारीख, खोली, ऊतीचा प्रकार आणि चरबी काढली का हे पेन्सिलने लिहून चिठ्ठी आतही टाकावी, कारण बाहेरची शाई पुसली जाते. मत्स्यविभागांकडे वय मोजायला जमवलेले जुन्या खवल्यांचे लिफाफे असतील तर ते जरूर मागावेत. खवल्याचा फक्त बाहेरचा कडेचा भाग कापून घ्यावा, म्हणजे त्या माशाच्या शेवटच्या मोसमाचाच कार्बन हाती येतो. सबंध खवला मोजला तर त्याच्या सगळ्या आयुष्याची सरासरी मिळते.